हात चांगला येत नाही, की सोडवत नाही?

प्रश्न विचारणारा पोरगा कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळून तयार झालेला. आता शनिवारी रात्री सात-आठ मित्र जमतात आणि पोकरचा टेक्सस होल्डेम हा प्रकार खेळतात, पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर. त्याचं म्हणणं असं: "तीन पत्तीत मला कुणी धरत नाही, पण पोकरला दर शनिवारी मीच पहिला रिकामा होतो. पत्तेच येत नाहीत. ब्लफ मारला की कुणी ना कुणी बघतोच. काय चुकतंय? आणि दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाऊन खेळायचं मनात आहे, जाऊ का?"

भावा, पत्ते तुला इतरांइतकेच येतात. तू होल्डेमच्या टेबलावर बसून तीन पत्ती खेळतोयस, दुखणं तिथं आहे. इथं पोकर शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण तीन पत्तीतूनच आलेला असतो, त्यामुळे चुकाही ठरलेल्या असतात आणि त्यातली सगळ्यांत महाग चूक म्हणजे बसून राहणं. तीन पत्ती हा इर्षेचा खेळ. समोरच्यानं चाल वाढवली की आपणही वाढवायची, तो पॅक करेपर्यंत, म्हणजे पत्ते टाकून देईपर्यंत, हलायचं नाही. आपल्या गावाला हे मानवतं, फुटबॉलपासून तालमीपर्यंत सगळं इर्षेवरच चालतं. होल्डेममध्ये मात्र समोरचा चिप्स पुढे सरकवतो तेव्हा तो तुला एक भाव सांगत असतो. त्या भावात आपला हात परवडतो का, एवढंच बघायचं. परवडत नसेल तर टाकून द्यायचा. त्यात कमीपणा काही नाही.

आधी हातांच्या क्रमाचा घोळ मिटवू. तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे लागोपाठचे पत्ते, वर आणि कलर, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे एकाच रंगाचे पत्ते, खाली. पोकरमध्ये बरोबर उलटं: कलर, म्हणजे फ्लश, वर आणि सिक्वेन्स, म्हणजे स्ट्रेट, खाली. यामागं साधी मोजणी आहे. 52 पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारांनी येऊ शकतात. त्यात साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून तिथं सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांचे हात होतात 25,98,960. त्यात स्ट्रेट 10,200 आणि फ्लश फक्त 5,108. (गंमत अशी की तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, 52 प्रकारांनी येतो आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स, 48 प्रकारांनी, म्हणजे हिशेबानं प्युअर सिक्वेन्स भारी ठरायला हवा. पण तीन एक्के घेऊन बसलेल्या माणसाला हे समजावायला कोण जाणार?) एक्का-दुर्री-तिर्रीला तीन पत्तीत मोठा मान आहे. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यांत लहान स्ट्रेट. हे डोक्यात पक्कं बसेपर्यंत एका कागदावर लिहून समोर ठेव, कुणी हसत नाही.

याहून जास्त चिप्स तुझ्या जातात त्या जोडीपायी. तीन पत्तीत जोडी किंवा तिच्या वरचं काही साधारण चार हातांत एकदाच येतं. म्हणून जोडी दिसली की माणूस सरसावून बसतो. होल्डेममध्ये हातातले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सात पत्त्यांतून पाच निवडायचे असतात. तिथं शेवटपर्यंत थांबलं तर शंभरात 82-83 वेळा निदान जोडी तरी बनतेच. समोरच्याचंही तेच. म्हणजे नुसती जोडी लागली ही तिथं बातमीच नाही. कुठली जोडी आणि सोबत दुसरा पत्ता कोणता, यावर सगळं. तुझ्या हातात राजा-छक्की, त्याच्या हातात राजा-राणी, आणि टेबलावर राजा आला. दोघांनाही राजाची जोडी लागली, दोघंही खूश, पण तुझी छक्की बहुतेक वेळा त्याच्या राणीपुढं मरते. या दुसऱ्या पत्त्याला किकर म्हणतात. नवशिक्यांच्या चिप्स जितक्या या किकरपायी जातात तितक्या ब्लफपायीसुद्धा जात नाहीत.

आता सुरुवातीच्या दोन पत्त्यांकडे ये. तीन पत्तीत बूट, म्हणजे सुरुवातीची सक्तीची रक्कम, सगळेच टाकतात, त्यामुळे पॅक केलं की आपलं काहीतरी गेलं असं वाटतं. होल्डेममध्ये सक्तीनं टाकणारे फक्त दोघं, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. बाकीच्यांना पत्ते बघून सोडणं फुकट असतं. समज टेबलावर सात जण आहेत, ब्लाइंड 5 आणि 10, आणि प्रत्येकाकडं 1,000 चिप्स. तू सातही हात टाकलेस तरी अख्ख्या फेरीत तुझ्या 15 चिप्स जातात. हजारातल्या पंधरा! आणि तू दहा-दहा टाकून "फ्लॉप तर बघू" (फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) म्हणत प्रत्येक हातात शिरतोस, नंतर अर्धवट जोडीवर आणखी साठ-सत्तर घालतोस. पहिल्यांदा रिकामं व्हायला आणखी काय लागतं?

किती हात खेळायचे हे मी नव्या पोरांना आकड्यातच सांगतो, कारण "चांगले पत्ते खेळ" म्हटलं की प्रत्येकाला आपले चांगलेच दिसतात. हातातले दोन पत्ते 1,326 प्रकारांनी येऊ शकतात. बोलायची, म्हणजे खेळायचं की सोडायचं हे सांगायची, पाळी आधी येत असेल तर एवढेच खेळ: सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, एक्क्याबरोबर राजा, राणी किंवा गुलाम, राजा-राणी, आणि एकाच रंगाचे असतील तर एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी. मोजलं तर हे 128 होतात, म्हणजे दहातला एकही हात पुरता नाही. पहिल्या शनिवारी हे पाळताना तुला कंटाळा येईल, मित्र "आला नुसता चहा प्यायला" म्हणून चिडवतील. चिडवू देत. हातात आलेली कुठलीही जोडी साधारण सतरा हातांत एकदा येते, दोन एक्के 221 हातांत एकदा. घरच्या टेबलावर हळूहळू पत्ते वाटले जातात, तिथं रात्र सरली तरी एक्के दिसले नाहीत यात नशिबाचा काही दोष नाही.

"दोन्ही बदामाचे होते म्हणून खेळलो" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. एका रंगाच्या दोन पत्त्यांवर थेट फ्लॉपलाच फ्लश लागायचं प्रमाण शंभरात एकही नाही. रंग जुळल्यानं हाताची किंमत थोडी वाढते, पण राजा-तिर्री बदामाची असली तरी राजा-तिर्रीच. आणि लागला फ्लश, तरी एक्क्याचा फ्लश कुणाकडं नसेल हे कुणी सांगितलं?

वरची यादी आधी बोलणाऱ्याची होती हे लक्षात घे. बसायची जागा होल्डेममध्ये पत्त्यांइतकीच महत्त्वाची आहे आणि तीन पत्तीतून आलेल्याला हेच सगळ्यांत उशिरा पटतं. डीलरचं बटण (दर हाताला पुढच्याकडं सरकणारी खूण) ज्याच्यासमोर, तो फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. खासबागेत कुस्ती बघितली असशील, सलामी झाली की लगेच कुणी पटात घुसत नाही, आधी खडाखडी होते, समोरच्याचा जोर हाताला कळतो आणि मग डाव पडतो. शेवटी बोलणाऱ्याला ही खडाखडी फुकटात बघायला मिळते. कोण कचरला, कोणी चेक केलं, म्हणजे काही न घालता पाळी पुढं जाऊ दिली, कोणी जोरात बेट केली, हे सगळं कळल्यावर त्याला ठरवायचं असतं. म्हणून बटणावर असताना आणि आधीच्यांनी हात सोडले असताना तू बरेच जास्त हात खेळू शकतोस: सगळ्या जोड्या, एक्का आणि त्याच रंगाचा कुठलाही पत्ता, एका रंगाचे लागोपाठचे अठ्ठी-नव्वीसारखे पत्ते, राणी-गुलाम, राजा-दश्शी. तेच राजा-दश्शी सगळ्यांत आधी बोलायचं असताना टाकून द्यायचे. पत्ते तेच, जागा बदलली की किंमत बदलते. ब्लाइंडमध्ये बसलेल्यानं तर विशेष सांभाळावं. आपल्या दहा चिप्स आधीच आत आहेत म्हणून त्यांच्या मागं धावत जायचं नाही. त्या गेल्या, त्या आता पॉटच्या, म्हणजे मधल्या ढिगाच्या.

खेळायचं ठरलं की मग वाढवून आत ये. नुसतं दहाला दहा जुळवून शिरणं सोडून दे. ब्लाइंड 10 असेल तर 30 कर, आणि आधी कुणी दहा जुळवून शिरला असेल तर त्या प्रत्येकाचे आणखी दहा धर. तुमच्या टेबलावर 30 लाही सगळे येत असतील तर 40-50 कर, काही बिघडत नाही. कारण ऐक. दोन एक्के घेऊन तू एकाच माणसासमोर असशील आणि त्याच्याकडं कुठलेही पत्ते असतील, तर शेवटपर्यंत शंभरात 85 वेळा तू जिंकतोस. तेच समोर चार जण असतील तर 56 च्या आसपास. एक्के बदललेले नसतात, गर्दी वाढलेली असते. चार जणांना स्वस्तात आत घ्यायचं आणि नंतर "माझे एक्के फुटले" म्हणून रडायचं, याला अर्थ नाही.

फ्लॉप पडला. इथून खरा हिशेब सुरू होतो आणि इथंच बहुतेक जण तोंडी अंदाज मारतात. एक उदाहरण सावकाश बघू. तुझ्याकडं बदामाचा एक्का आणि बदामाची नव्वी. चौथा पत्ता, टर्न, पडून झाला आहे आणि टेबलावर बदामाचे दोन आहेत. जोडी नाही, पण आणखी एक बदाम आला की सगळ्यांत मोठा फ्लश. बदामाचे 13 पत्ते, चार दिसले, उरले 9. न दिसलेले पत्ते 46. म्हणजे शेवटच्या पत्त्याला बदाम येण्याची शक्यता 46 पैकी 9, शंभरात वीसला किंचित कमी. पॉटमध्ये 200 आहेत, समोरच्यानं 100 ची बेट केली. तू 100 घातलेस तर पॉट 400 होतो, त्यातला तुझा वाटा चौथा. म्हणजे शंभरात 25 वेळा जिंकलास तरच बरोबरी, आणि तू तर वीसही वेळा जिंकत नाहीस. भाव परवडत नाही. टाक. आता त्यानंच 100 ऐवजी 50 ची बेट केली असती तर? 50 घालून पॉट 300 होतो, वाटा सहावा, म्हणजे शंभरात 17. तुझी शक्यता त्याहून जास्त. घे. पत्ते तेच, पॉट तोच, फक्त त्यानं सांगितलेला भाव वेगळा, आणि निर्णय उलटा.

हा हिशेब टेबलावर झटपट करायची एक युक्ती जगभर चालते. आपल्याला हवे असलेले पत्ते मोज. एक पत्ता यायचा बाकी असेल तर त्याला दोननं गुण, दोन बाकी असतील तर चारनं. फ्लशला 9 पत्ते, म्हणजे टर्नवर 18 आणि फ्लॉपवर 36. दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटला 8 पत्ते, 16 आणि 32. मधला एकच आकडा हवा असेल तर 4 पत्ते, 8 आणि 16. नेमके आकडे एखाद-दोननं इकडंतिकडं असतात, खेळायला एवढं पुरे. चारनं गुणताना एक सावधगिरी: दोन्ही पत्ते बघायला मिळतील ही खात्री तेव्हाच, जेव्हा मध्ये पुन्हा पैसे मागितले जाणार नाहीत, म्हणजे कुणी सगळ्या चिप्स लावून ऑल-इन झालेला असेल तेव्हा. एरवी टर्नवर समोरचा पुन्हा भाव सांगणारच आहे, तेव्हा फ्लॉपलाही दोननंच गुणलेलं बरं.

अर्थात पुढं मिळणाऱ्या चिप्सही धरायला हव्यात. वरच्या उदाहरणात 100 चा भाव महाग होता, पण समोरच्याकडं अजून 600 शिल्लक असतील आणि बदाम आल्यावरही तो माणूस सोडणारा नसेल, तर कॉल, म्हणजे त्याच्याइतक्याच चिप्स घालून पुढं जाणं, बसतो. तुझ्या टेबलावर असे दोघं-तिघं असणारच. लहान जोड्यांचं गणितही असंच. दुर्रीची जोडी घेऊन आत गेलास तर फ्लॉपला तिसरी दुर्री साधारण साडेआठ वेळांत एकदा लागते. लागली तर सहसा कुणाला संशय येत नाही आणि समोरचा रिकामा होतो. म्हणून भरायला लागणाऱ्या रकमेच्या निदान पंधरापट चिप्स तुझ्याकडं आणि त्याच्याकडंही शिल्लक असतील तरच लहान जोडी आत ने. नाही लागली तर फ्लॉपलाच सोड.

एक्का-राजाची तक्रार सगळे करतात, तीही इथंच आटोपतो. या जोडगोळीला तीनपैकी दोन फ्लॉपला काहीच लागत नाही. समोर एकच जण असेल तर पॉटच्या निम्मी बेट करून बघ, बऱ्याचदा त्यालाही काही लागलेलं नसतं. तीन जण असतील तर चेक कर आणि गप्प बस.

आता तुझा ब्लफ. ब्लफचा हिशेबही भावाचाच आहे. पॉट 200, तू 100 ची बेट केलीस, म्हणजे 100 गमावून 200 मिळवायची धडपड. तीन वेळांत एकदा समोरच्यानं सोडलं तरी बरोबरी होते. पॉटएवढी बेट केलीस तर दोनांत एकदा सोडायला हवं. म्हणजे प्रश्न तुझ्या धाडसाचा नाहीच, समोरचा किती वेळा सोडतो याचा आहे. आणि तूच लिहितोस की कुणी ना कुणी बघतोच! मग अशा टेबलावर ब्लफ मारतोस कशाला? जिथं कुणी सोडत नाही तिथं उलटं करायचं: चांगला हात असला की बेट मोठी करायची, पॉटच्या निम्म्याऐवजी पाऊण किंवा पूर्ण. नवशिके वाईट हातावर मोठी बेट करतात, घाबरवायला, आणि चांगल्या हातावर छोटी, पाहुणा पळून जाऊ नये म्हणून. तुझे मित्र पळत नाहीत, त्यांच्याकडून पुरेपूर वसूल कर.

ब्लफ मारायचाच असेल तर समोर एकच माणूस असताना, आणि हातात निदान येऊ शकणारा फ्लश किंवा स्ट्रेट असताना. त्यानं सोडलं तर पॉट तुझा, नाही सोडलं तरी शेवटचा पत्ता बाकी आहे. आणि तुझी गोष्ट पटणारी हवी. आधीच्या दोन फेऱ्या चेक करत बसलास आणि शेवटी अचानक सगळ्या चिप्स पुढं ढकलल्यास, तर बघणारा बघणारच. मीही बघेन.

इर्षेबद्दल थोडं कडक बोलतो. एखाद्यानं तुझे राजे शेवटच्या पत्त्यावर फोडले की पुढचे दहा हात तू त्याच्याशी खेळतोस, पत्त्यांशी नाही. "त्याला आज सोडत नाही" असं मनात आलं की उठ, खाली जाऊन चहा घेऊन ये. समोरच्यानं चुकीच्या भावात कॉल करून एकदा हात मारला, तर तो चुकीचा कॉल करत राहावा असंच तुला वाटायला हवं. त्याला खडसावून शहाणा करू नकोस. टेबलावर शिकवणी घेणारी माणसं मला कळत नाहीत.

राहिलं गोवा. ऑनलाइनचा विचार तर मुळीच नको. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बेकायदा ठरवले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. महाराष्ट्रात जुगारबंदीचा 1887 चा कायदा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट असली तरी पोकर त्यात बसतं का, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांचा कल वेगळा आहे. गुजरातच्या न्यायालयानं 2017 मध्ये त्याला जुगारच म्हटलं. म्हणून शनिवारच्या टेबलावर चिप्सच राहू देत, नोटा आणू नका.

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर कायदेशीर टेबलं आहेत, पण वयाची 21 वर्षं पूर्ण नसतील तर विषय दारातच संपला. पूर्ण असतील तरी यंदाच्या दिवाळीत मी तुला जा म्हणणार नाही. तिथं प्रत्येक पॉटमधून रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापला जातो, म्हणजे टेबलावरच्या लोकांहून थोडं बरं खेळून भागत नाही, रेक वजा जाऊन उरेल इतकं बरं खेळावं लागतं. तू अजून शनिवारचं टेबल जिंकत नाहीस. आधी वहीत लिहायला सुरुवात कर: किती हात खेळलास, शेवटपर्यंत गेलेल्या हातांत कशावर कॉल केलास, तेव्हा पॉट किती आणि बेट किती होती. जिंकलास की हरलास हे लिहिलं नाहीस तरी चालेल. काही महिने ती वही भरू दे.

त्यानंतर आंबोलीमार्गे गेलासच, तर सगळ्यांत लहान ब्लाइंडच्या टेबलावर बस, बिग ब्लाइंडच्या शंभरपट घेऊन, आणि ते संपले तर दुसऱ्यांदा विकत घ्यायचे नाहीत हे घरूनच ठरवून जा. तिथं टेबलाचे नियमही घरच्यासारखे सैल नसतात. वाढवायचं असेल तर चिप्सना हात लावायच्या आधी तोंडानं "रेज" म्हण. काही न बोलता एकच मोठी चिप पुढं टाकलीस तर सहसा ती वाढवणं न धरता नुसता कॉल धरतात. आणि दोन-तीन हप्त्यांत चिप्स सरकवल्यास तर पहिल्या हप्त्यावरच तुला थांबवतात.